शिरीषला मोर्स येतं

बिनतारी संदेशाचं वेड असलेली माणसं एका हॉलमध्ये जमली, की किस्से साचतातच. जॉन्सनव्हिलच्या आमच्या क्लबात शनिवारी सकाळी चहाबरोबर बिस्किटं कमी आणि किस्से हीप्स, म्हणजे इथल्या भाषेत ढीगभर. माझं दुखणं एवढंच, की बहुतेकांत हिरो शिरीष असतो. मी पुण्याचा टेलिकॉम इंजिनिअर, आणि तो फार्मासिस्ट!

*

एकदा आम्ही अगदी सुरुवातीच्या काळातला रिसीव्हर बनवायचं ठरवलं. काचेच्या नळीत धातूचा कीस भरायचा. रेडिओ लहर आली की कण चिकटतात, वीज वाहते, घंटा वाजते. मी वर्कशॉपमधून मोजूनमापून कीस आणला. शिरीषनं घरातला जुना चमचा कानशीनं घासला.

लहर सोडायला पलीकडे ठिणगी पाडल्यावर त्याची घंटा वाजली. माझी वाजली ती कुणीतरी किटलीचं बटण दाबल्यावर.

आमचे अध्यक्ष ग्रॅहम म्हणाले, "स्वीट ॲज, झकास. शिरीष संदेश पकडतो, तू चहा पकडतोस."

*

ग्रॅहम जहाजावरचे निवृत्त रेडिओ ऑपरेटर. आम्हाला मोर्स, म्हणजे लांब-आखूड टकटकीची लिपी, शिकवताना आमची टकटक डोळे मिटून ऐकायचे. शिरीषला म्हणाले, "हा हात जहाजावर चालला असता."

मी विचारलं, "आणि माझा?"

"तुझाही चालेल. जहाज बुडत नसेल तर."

*

मग मी एक भाषण ठोकलं. विषय, रेडिओचा शोध खरा कुणाचा? कलकत्त्याच्या एका प्राध्यापकानं भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवली होती, पण नाव झालं इटलीच्या एका तरुणाचं.

कुणीतरी विचारलं, "प्राध्यापकाला वाईट नाही वाटलं?"

"छे," मी म्हणालो, "दुसऱ्याचं नाव झालं म्हणून जळणारा माणूस नव्हता तो."

मागच्या रांगेत माझ्या बायकोला ठसका लागला.

*

गेल्या हिवाळ्यात ग्रॅहमना स्ट्रोक आला. शब्द जिभेवर अडकायचे, पण उजवा हात शाबूत होता. शिरीष आणि मी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो. ग्रॅहम पलंगाच्या कठड्यावर बोटानं मोर्स वाजवू लागले, भराभर. शिरीषनं तसंच भराभर उत्तर दिलं. दोघं हसले. मला चार अक्षरंसुद्धा लागली नाहीत. मी खिडकीतून कारपार्क बघत राहिलो. आजारी माणसासमोर आपण जळतोय, याची लाज वाटत होती, तरी जळत होतो.

निघताना ग्रॅहमनी माझा हात धरला आणि तळव्यावर बोट टेकवलं. एकेक अक्षर, सावकाश, मला झेपेल अशा वेगानं.

'उद्या एकटा ये.'

गाडीत शिरीषनं विचारलं, "तुला काय म्हणाले रे?"

"काही नाही."

घर येईपर्यंत त्यानं अजून दोनदा विचारलं.