कौशल्याकाकूंचा कायमचा पत्ता

कौशल्याकाकूंना त्या धडधाकट असतानाच श्रद्धांजली वाहिली गेली, आणि तीही थोडीथोडकी नाही. 'भावपूर्ण श्रद्धांजली', 'काकू, तुमच्या गोष्टींवर आमची मुलं मोठी झाली', शिवाय फुलं, दिवे, जोडलेले हात. दिल्लीतल्या पालमच्या दोन खोल्यांच्या घरात लसूण सोलता सोलता त्या स्वतःच धीरजच्या, म्हणजे लेकाच्या, मोबाइलवर हे सगळं वाचत होत्या. आपण जिवंत आहोत एवढं सांगायची मात्र सोय उरली नव्हती.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी उधमपूरला जायला हवं. काकूंना तर तिकडे जायला निमित्तच लागतं.

तेव्हा त्यांचे यजमान शहाजी फडतरे फौजेत नायब सुभेदार होते. फॅमिली क्वार्टरांची लांबच लांब लाइन, मागे चिडाची झाडं, आणि हिवाळ्यात दुपारी सगळ्या बायका खाटा उन्हात ओढून विणकाम घेऊन बसलेल्या. काय ते ऊन! दिल्लीत तसं ऊन नाही, असं काकू आजही म्हणतात, आणि दिल्लीच्या उन्हाला नावं ठेवायची तर मे महिन्यात ठेवावीत, जानेवारीत कशाला, हे त्यांना कोणी सांगायला जात नाही. शेजारच्या क्वार्टरमध्ये सोनम राहायची, चंदगडकडची. नवरा वर पोस्टवर. पोरगा पृथ्वीराज चार वर्षांचा, आणि बाबा आल्याशिवाय झोपणार नाही म्हणून रोज रात्री लाइन डोक्यावर घ्यायचा. एकदा काकू उठल्या, त्याला उचलून आपल्याकडे आणलं आणि गोष्ट सांगायला बसल्या.

गोष्ट त्यांच्याच डोक्यातली. एक लंगडी शेळी रोज सकाळी पलटणीच्या हजेरीला येऊन उभी राहायची. साहेब तिला हाकलायचे, ती पुन्हा यायची. मेसचा कारभार कोल्ह्याकडे, पहारा घुबडाकडे. काकूंची सांगण्याची रीत अशी, की आधी आज भाजी काय केली ते सांगायचं, मग बाहेर थंडी किती आहे ते, मग शेळी रस्त्याला लागायची. शेवटी ठरलेलं वाक्य, "गोष्ट गेली निजायला, तुम्ही चला पाठोपाठ." तिथवर पृथ्वीराज झोपलेला असायचा. पुढे लाइनीतली सगळी पोरं जमू लागली. एकीची बदली झाली नि तिची मुलगी तिकडे गोष्टीसाठी रडून बेजार, तेव्हा सोनमनं काकूंना मोबाइलसमोर बसवलं आणि चॅनेल काढून दिलं. बघता बघता जोधपूर, मेरठ, तेजपूर, जिथे जिथे मराठी फौजी तिथे तिथे काकू पोरांना निजवू लागल्या. सहा-सात वर्षं हे चाललं. सोनमची बदली मात्र चॅनेल निघाल्यावर वर्षाच्या आतच झाली.

त्या लाइनीत एक रीत होती. बदली झालेल्या बाईची ओटी भरायची, आणि तिनं निघताना आपल्या सासरच्या गावचा पत्ता तोंडी सांगायचा. राहणाऱ्यांनी तो म्हणून दाखवायचा. चुकला तर पुन्हा. युनिट बदलतं, फोन बदलतो, क्वार्टर तर सरकारचंच. गाव तेवढं जागचं हलत नाही. सोनमनं रडत रडत सांगितलं होतं, 'मुक्काम पोस्ट हलगेवाडी, तालुका चंदगड, जिल्हा कोल्हापूर, येसबा गावड्यांची सून.' काकूंनी ते एका दमात म्हणून दाखवलं होतं.

मग शहाजीराव सुभेदार होऊन रिटायर झाले. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी लागली आणि बिऱ्हाड पालमला आलं. आता चूक ऐका, फौजी घरातच व्हावी अशी. तिकडे जम्मूकडे बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, आणि तिथलं इकडे चालत नाही. त्यामुळे खाली उतरलं की सिम काढून टाकायचं, ही सवयच. काकूंनीही काढून टाकलं. चॅनेल त्याच नंबरावर होतं, पण फोन तोच असल्यामुळे कधी अडलं नाही. एके दिवशी तो फोन कपड्यांबरोबर बादलीत भिजला. नवा घेतला, तर चॅनेल म्हणालं, तुमच्या नंबरावर कोड पाठवलाय, तो टाका. कोड उधमपूरला गेला. तो नंबर आता कोणा भलत्याच माणसाचा. मैत्रिणींचे नंबर आणि गप्पांचा ग्रुपही त्या फोनबरोबर बुडाले.

धीरज गुरुग्रामच्या कंपनीत संगणकाचंच काम करतो, पण त्यानंही हात टेकले. तक्रारी केल्या, प्रत्येकीला मशीनचं तेच गोड उत्तर. काकूंना आपल्या गोष्टी दिसत होत्या, ऐकता येत होत्या, फक्त तिथे बोलता येत नव्हतं. खाली लोक विचारत, 'काकू, गोष्ट कुठाय?' दोन महिन्यांनी कोणीतरी लिहिलं, 'काकू बहुतेक गेल्या.' संपलं! मराठी माणसाला श्रद्धांजली वाहायला तेवढं 'बहुतेक' पुरतं. काकूंनी धीरजच्या नावावरून लिहिलं, 'बाळांनो, मी आहे.' त्यावर लोक तुटून पडले. गेलेल्या बाईच्या नावावर धंदा करता, लाज वाटत नाही का, असं पोटतिडकीनं सुनावलं. काकूंच्याच प्रेमापोटी, बरं का. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. लोकांच्या शिव्यांचं एवढं नाही, पण कुठेतरी एखाद्या पोराला त्याची आई सांगत असेल की काकू देवाघरी गेली, याचं त्यांना फार लागलं.

धीरज म्हणाला, यार आई, नवं चॅनेल काढू, बिल्कुल सोपं आहे. फक्त पहिल्या तीन सेकंदांत काहीतरी भन्नाट घडलं पाहिजे, नाहीतर ते कोणाला दाखवतच नाहीत. काकूंनी तेही केलं. भाजी नाही, थंडी नाही, शेळी थेट धावतच आली. नंतर ते पाहिल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ऐकायला कोण आलं, तर धीरजचे ऑफिसातले दोघे आणि एक सोफा विकणारा.

रविवारी शहाजीराव फौजेतली काळी ट्रंक बाहेर काढून रंगवत बसले होते. झाकणावर पांढऱ्या अक्षरांत नाव, हुद्दा, युनिट; हुद्दा आणि युनिट कितीदा खोडून पुन्हा लिहिलेलं. खाली 'मु. पो. निंबेवाडी, ता. खटाव, जि. सातारा' मात्र पहिल्या दिवसापासून तसंच. काकू शेजारी बसून चॅनेलचं तेच रडगाणं गात होत्या. सुभेदारांनी ब्रश खाली ठेवला.

"अगं, ते क्वार्टर होतं. चावी त्यांची. तू भिंतीला रंग दिलास, दारात तुळस लावलीस, म्हणून ते तुझं झालं का?" मग ट्रंकेवर बोट ठेवून म्हणाले, "सहा-सात वर्षांत एका बाईला तरी गावचा पत्ता विचारलास का?"

चॅनेलवर आलेल्या बायकांना काकूंनी कधीच काही विचारलं नव्हतं. पण लाइनीतल्या बायकांचे पत्ते पाठ होते. सोमवारी पोस्ट उघडताच त्या तडक तिथे गेल्या, पोस्टकार्डं आणली, आणि जी जी आठवली तिच्या तिच्या सासरी कार्ड टाकलं. मजकूर एकच. मी कौशल्या फडतरे, जिवंत आहे, सुनेला म्हणावं या नंबरावर फोन कर.

फोन आला तो अनोळखी नंबरावरून, कुकरची शिट्टी होत असताना. पलीकडून बाईचा आवाज आला, "तुम्ही खऱ्या काकू असाल, तर गोष्टीच्या शेवटचं म्हणा."

काकूंनी आवाज लगेच ओळखला. सोनम! त्यांना हसू नि रडू एकदमच आलं. कसंबसं म्हणाल्या, "गोष्ट गेली निजायला..."

"तुम्ही चला पाठोपाठ," पलीकडून एक फुटलेला, घोगरा आवाज म्हणाला. तो पृथ्वीराज होता. मिसरूड फुटू लागलेला.

सोनम तेव्हा झाशीला होती. तिनं सांगितलं, की त्या लोकांमध्ये तिनंही हात जोडून फूल वाहिलं होतं. सासऱ्यांनी कार्ड फोनवर वाचून दाखवलं तेव्हा तिचा विश्वास बसेना. काकू, माफ करा, असं ती सारखं म्हणत राहिली. काकू म्हणाल्या, अगं, फूल वाहिलंस ना, मग झालं तर.

पुढचं काम हळूहळू झालं. सोनमनं दोघींना सांगितलं, त्यांनी आणखी कोणाला. येणाऱ्या प्रत्येकीला काकू नंबर विचारतात आणि त्याच्या पाठोपाठ गावचा पत्ता. गोष्ट आता संध्याकाळी थेट तिच्या फोनवर जाते. धीरजनं काकूंच्या नावाची स्वतंत्र वेबसाइट करून दिली, आणि तिची चावी, म्हणजे पासवर्ड, शहाजीरावांनी आधी स्वतःकडे मागून घेतली. सगळ्या गोष्टी तिथे असतात, शिवाय वेगळ्या डिस्कवर उतरवून काळ्या ट्रंकेतही असतात. पहाडगंजच्या मराठी शाळेत महिन्यातून एकदा काकू समोरासमोर गोष्ट सांगतात. दिल्लीत वाढलेली ती पोरं मध्येच थांबवून विचारतात, काकू, 'कुंपण' म्हणजे क्या? काकूंना ते फार आवडतं. मोबाइलनं त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. ऐकणारे पूर्वीच्या मानानं मूठभरच आहेत. कधीमधी जुन्या चॅनेलवरच्या आकड्याची आठवण येऊन त्या उसासा टाकतात, खोटं कशाला बोला. पण शेळी पुन्हा भाजीनंतर आणि थंडीनंतरच निघते.

जुनं चॅनेल अजून तसंच आहे. तिथे अजून फुलं पडतात. धीरज म्हणाला, पुन्हा तक्रार करून ते बंद करून टाकू. काकू म्हणाल्या, राहू दे, ती उधमपूरची लाइन आहे.

परवा त्यांनी सहज ते उघडलं. शेवटच्या गोष्टीखाली श्रद्धांजल्यांच्या रांगेत कोणीतरी नवीन लिहिलं होतं. काकूंनी चष्मा लावला आणि सुभेदारांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं:

"काकू वारलेल्या नाहीत. मी त्यांच्याशी बोललोय. ज्यांना गोष्ट हवी त्यांनी पत्र टाका. मु. पो. निंबेवाडी, ता. खटाव, जि. सातारा. — पृथ्वीराज, उधमपूरवाला."

हा पत्ता आपण त्याला कधी सांगितलाच नव्हता, असं काकू म्हणाल्या. मग त्यांना आठवलं. सोनम निघाली त्या दिवशी तिचा पत्ता म्हणून झाल्यावर काकूंनीही आपला सांगितला होता, आणि आईच्या कडेवर बसून पेंगणाऱ्या त्या पोरानं तो तिच्याबरोबर म्हटला होता.