खात्री होईपर्यंत पेन्सिल

वसुधाताई गेल्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी सिंगापुरात, क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये वारल्या. वय एकाहत्तर. आजार यकृताचा. मुलगी रेवा जवळ होती.

बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक खोली भाड्याने दिली होती. कोविडच्या साली तिथे एक आयरिश संशोधक राहत होता. साथीमुळे बाहेर जाणं थांबलं, आणि वरणभात जेवता जेवता तो तिकडचे जुने शब्द सांगू लागला. आयर्लंडची बॅन फासा म्हणजे औषधं जाणणारी गावातली बाई. वेल्समधला दिन हसबिस हरवलेली जनावरं शोधून द्यायचा. उत्तर युरोपातल्या नॉर्स लोकांची व्होल्वा काठी घेऊन घरोघर फिरायची, पुढचं सांगायची. ताई प्रत्येकाचं एक कार्ड करत. आधी काम, मग तिकडचा शब्द, शेवटी मराठी. खात्री होईपर्यंत पेन्सिल, झाली की शाई. अकरा कार्डांना चार वर्षं लागली...

या कार्डांमागचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांच्या आईची काशीआत्या चिपळूणजवळच्या गावात निखळलेले सांधे बसवायची. लहानपणी ताईंचा खांदाही तिनेच बसवला होता. पुढे शेजारी एक बाळ दगावलं आणि गाव तिला चेटकीण म्हणू लागलं. ती मरेपर्यंत म्हणत राहिलं.

यंदा ताईंनी ही यादी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाला दिली. प्रूफ हॉस्पिटलात आलं. ताईंच्या शब्दांऐवजी बायकांपुढे सगळीकडे 'चेटकीण', पुरुषांपुढे 'मांत्रिक'. अंकाचा संपादक मिलिंद पलंगाशी उभा होता. मंडळातला म्हणून मीही होतो.

"ताई, 'जाणती बाई' कोण वाचणार? चेटकीण म्हटलं की लोक पान उघडतात."

"मग त्या पानावर चकलीची कृती छाप. माझं मला परत दे."

"आई, इट्स ओन्ली अ वर्ड, लाह," रेवा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"उद्या ऑफिसात तुला कोणी चोर म्हटलं, की हेच म्हण."

सलाईन लावलेल्या हाताने त्यांनी अकराही शब्द खोडले, कडेला आपले लिहिले. खाली एक ओळ: बदल करायचा असेल तर छापू नये. सही केली. मिलिंद प्रूफ घेऊन गेला. दोन दिवसांनी ताईंनी घरी न्यायला सांगितलं. त्यानंतर आठवडाभर त्या होत्या.

अंक मागच्या शनिवारी आला. यादी आहे. चेटकीण हा शब्द अंकात कुठेही नाही.

कार्डं ठेवलेला बिस्किटांचा डबा अजून जेवणाच्या टेबलावरच असतो. रेवाने तो माझ्यासमोर उघडला. आत बारा कार्डं निघाली. बाराव्यावर काम: सांधे बसवणे. तिकडच्या शब्दाच्या जागी नुसती रेघ ओढलेली. नाव: काशीआत्या. मराठी: वैदीण.

शाईने.