विसावर बघणारे नाना

नव्या मीटरचा काटा बरोबर जागी आला की आम्ही सगळे खूश होत असू. नाना मात्र प्रवाह वीस मिलिअँपिअरपर्यंत चढवल्याशिवाय कुठल्याच मीटरवर विश्वास ठेवत नसत. "अर्ध्यावर सगलीच सरल असतात, सायेब," म्हणायचे.

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीजवळच्या एका रसायन कारखान्यात ते मेकॅनिक होते. मी नवा इंजिनिअर, अजून कायम न झालेला. कातडी जाळणाऱ्या कॉस्टिकच्या टाकीची पातळी पॅनेलवर कळवणारा ट्रान्समीटर दोनच तारांवर चाले. टाकी रिकामी असली की तारांतून चार मिलिअँपिअर, भरली की वीस. त्याला लागणारी वीजही त्याच तारांतून मिळे. चोवीस व्होल्टांतला काही वाटा वाटेतले मीटर आणि केबल खात. ट्रान्समीटरला बारा तरी उरायला हवेत. नाना याला पंगत म्हणत. "टाकी भरली की सगल्यांची भूक वाढते. शेवटच्या पानावर भात पोचतो का, तेवढं बघायचं." आमची टाकी भरल्यावर तेरा उरत. पॅनेलच्या दारावर नानांनी खडूनं तसं लिहून ठेवलं होतं.

शिमग्याला नाना गावी गेले. त्याच आठवड्यात मॅनेजरसाहेबांना टाकीची पातळी स्वतःच्या केबिनमध्ये दिसायला हवी झाली. मी त्याच तारांत आणखी एक मीटर जोडला. टाकी साठ टक्के भरली होती, केबिनमध्येही साठ दिसले, साहेबांनी पाठ थोपटली. हा मीटर भरल्या टाकीला तीन व्होल्ट खाणार, हे गणित नानांच्या आकड्याखाली एका ओळीत झालं असतं. मी केलं नाही.

नाना परतले त्या सकाळी टाकी भरत होती. पॅनेलसमोर उभं राहून त्यांनी काटा पाहिला. ब्याऐंशी. जरा वेळानं पुन्हा ब्याऐंशी.

"पंप चालू हाय ना?"

मी हो म्हणालो आणि ते धावलेच. मी पोचलो तेव्हा टाकी उतू जात होती, पंप त्यांनी बंद केला होता, आणि भाजलेला पाय नळाखाली धरून ते दात आवळून बसले होते. केबिनमधल्या मीटरनं तीन खाल्ल्यावर भरल्या टाकीला ट्रान्समीटरसाठी बाराच्या जागी दहाच व्होल्ट उरणार होते. काटा ब्याऐंशीच्या वर जाणारच नव्हता. हे मला तिथंच उमगलं. त्यांनाही.

चौकशीत नाना एवढंच म्हणाले, की ते गावी गेले तेव्हा केबिनमध्ये मीटर नव्हता. मेकॅनिक नेमका कोणत्या दिवशी रजेवर गेला ते साहेबांच्या ध्यानात नव्हतं; त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"होता," मी म्हणालो. "नानांनीच तपासला."

नाना माझ्याकडे बघत राहिले, मी दुसरीकडे. तपासणीत हलगर्जी म्हणून त्यांना कामावरून काढलं. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाचा आहे, आणि ती नजर अजून मला चुकवता येत नाही.

त्यांना काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं कबूल करायचं ठरवून मी त्यांच्या घरी गेलो. पायाला पट्टी बांधून ते पडवीत बसले होते. मी कसाबसा "नाना, माझं चुकलं" एवढं म्हणालो, तर त्यांनी मध्येच विचारलं, "तो मीटर काढलात?"

नव्हता काढला. काढला असता तर कारण सांगावं लागलं असतं.

"मंग हितं काय करताय? टाकी आज पन भरत आसंल. जावा आदी."

मी तसाच कारखान्यात गेलो आणि मीटर काढला. साहेबांनी विचारलं, काय झालं?

"बिघडला," मी म्हणालो.