शेवटचे शेत आधी

वडील वारले त्या दिवशी पाटाला पाणी सोडायचे होते. ते आमच्या बंधाऱ्याचे पाटकरी होते; शेताशेताला पाणी देणे हे त्यांचे काम. आमच्याकडे पहिले पाणी पाटाच्या टोकाच्या शेताला मिळते, मग एकेक शेत करत पाळी वर बंधाऱ्याकडे येते. बंधारा बांधणाऱ्यांनीच ही रीत घालून दिली.

तेराव्यानंतर पाणी सोडले. मी पाटावर गेले, तर बंधाऱ्याजवळच्या शेताचे जगूकाका फावड्याने पाट फोडून पाणी आपल्या शेतात घेत होते.

"काका, आधी खाली जाऊ द्या."

"तुझा तात्या गेला, त्याची रीतही गेली. आणि कॉलेजातल्या बाईंनी चिखलात उतरू नये, साडी भरेल."

"भरू दे."

मी पाटात उतरले आणि हातांनी चिखल लावून ती फट बुजवली. पाणी काकांच्या तहानलेल्या शेताच्या कडेने पुढे निघाले. पाण्याला रीत नसते, ते उतार दिसेल तिकडे वळते. त्याला भरल्या पाटाने शेवटपर्यंत चालायला माणसांनी शिकवले, आणि प्रत्येक पिढीला ते पुन्हा शिकवावे लागले असणार. कुणाच्या मरणाने ही शिकवण संपत नाही. मी संपू देणार नाही.

नवा पाटकरी अजून नेमलेला नाही. पाट मी राखते. टोकाच्या शेतात आज पाणी आहे.