प्रभूची जागा

नांदेडहून अर्धापूरला जाताना आज बसमध्ये पिकल्या केळ्यांचा वास आला अन् माझी बायको मार्था आठवली. तिला जाऊन अजून वर्ष न्हाई झालं.

लई वर्षांमागं ईस्टरच्या रविवारी आम्ही दोघं असंच बसनं प्रार्थनेला चाललो होतो. गर्दी मरणाची. मार्थानं खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या. एकीवर ती बसली. दुसरीवर मी टेकणार, तर म्हणली, "तिथं नको. ती प्रभूची हाय. आज तो मेलेल्यांतून उठलाय, लोकांत फिरून राहिला असंल."

"अगं, माझा गुडघा ठणकून राहिला! अन् तो तर पाण्यावर चालतो, त्याला बस कशाला?"

"गप उभं ऱ्हावा."

सगळी बस हसली. मधल्या थांब्यावर केळ्यांची पाटी घेऊन एक पोटुशी बाई चढली. मार्थानं तिला हाताला धरून त्या जागेवर बसवलं.

मी चिडून म्हणलो, "अन् तुझा प्रभू?"

"आला की. डोळे न्हाईत का तुम्हाला?"

तवा लई राग आला होता. आता शेजारची जागा मोकळी असली, की मी चढणाऱ्या प्रत्येकाचं तोंड निरखून बघतो.