ठेचा पचवलेला अंगठा

शाहूपुरीतल्या दातांच्या दवाखान्यात मी मुलाला घेऊन गेलो की हा म्हातारा हमखास भेटतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्या लेखी मी 'पावणं', तेवढं पुरतं. शेजारी बसूनही तो असा बोलतो, जणू मी उसाच्या पलीकडच्या बांधावर उभा आहे. सोबत सात वर्षांची नात असते. अंगठा कायम तोंडात, त्यामुळं पुढचे दात दुकानापुढच्या पत्र्यासारखे बाहेर आलेले.

"अंगठ्याला ठेचा लावून बघितला की, पावणं," त्यानं एकदा अख्ख्या दवाखान्याला ऐकवलं. "भवानीनं चाटूनपुसून खाल्ला आन् वर भाकरी मागितली!" तक्रार कसली, कौतुकच होतं ते.

डॉक्टरीणबाईंशी त्याचं भांडण. "दात पडत्यात, नवं येत्यात. तार कशाला?"

"हे नवेच आहेत, आजोबा. अंगठ्यानं जबडाच वाकडा होतोय. आत्ताच थांबवू."

परवा पोरीच्या टाळूला अंगठा अडवणारी तार बसली. ती बाहेर येऊन बसली आणि सवयीनं तिनं अंगठा तोंडात घातला. तो तारेला अडला. तिनं तो काढून नीट बघितला, पुन्हा घालून पाहिला, आणि आवाज न करता रडायला लागली.

म्हातारा उठला, डॉक्टरीणबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. त्याला हळू बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं.

"बाई, ती तार रविवारची तेवढी काढून ठेवता येत न्हाय व्हय?"