सुकेशिनीताईंची राखण

मानेसरच्या आमच्या कारखान्यात कुठला सुटा भाग कोणत्या रॅकवर आहे, हे फक्त स्टोअरमधल्या सुकेशिनीताई रामटेके यांच्या कॉम्प्युटरला माहीत होतं. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः शिकून अ‍ॅक्सेस नावाच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये ती यादी केली होती. तेव्हापासून त्यांचा फोन दिवसभर खणखणायचा आणि दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर जायचं दरवर्षी राहून जायचं.

यंदा मी त्या फाइलला एक वेबपेज जोडलं, म्हणजे प्रत्येकाला आपल्या जागेवरूनच भाग शोधता यावा. साहेब म्हणाले, "पेज चालू दे, ताईंची सुट्टी मंजूर."

पण पहिल्याच सकाळी पेज उघडेना. फाइल दुसऱ्या कुणीतरी अडवली आहे, एवढंच ते सांगायचं. दुपारपर्यंत मी माझा कोड तपासत बसलो. शेवटी ताईंच्या टेबलाशी गेलो, तर त्यांच्या स्क्रीनवर फाइल उघडी!

"ताई, बाकी सगळ्यांना बंद करून उघडता होय ही?"

"मग? कोणी बिघडवू नये म्हणून रोज अशीच उघडते. आज तर हातसुद्धा नाही लावला रे, नुसती राखण केली."

"तुमच्या राखणीनेच तर पेज अडलंय!"

ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांनी फाइल बंद केली आणि पेज उघडलं.

दसऱ्याला नागपूरहून त्यांचा फोन आला. मागे प्रचंड गर्दीचा आवाज होता.

"चालतंय ना रे पेज?"

"बिल्कुल, ताई. राखण करायला इथे कुणी नाहीये ना!"